गुलाबाची काडी: मध, कोरफड आणि वाफसा

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की बांधावर गुलाबाच्या काड्यांचे ढीग पडतात आणि इकडे कार्यालयातला फोन वाजायला लागतो. ‘साहेब, एवढ्या काड्या फेकून द्यायच्या का, की त्यांची रोपं करता येतील?’ या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे घेतो. बाकीचे याच तिघांचे भाऊबंद आहेत.

पहिला प्रश्न एका ताईंचा. ‘अंगणातल्या गावठी गुलाबाच्या दहा काड्या मुळी फुटावी म्हणून मधात बुडवून कुंडीत लावल्या. आठ दिवसांत मुंग्या लागल्या आणि काड्या बुडातून काळ्या पडल्या. मध भेसळीचा होता का?’

ताई, मध अस्सल असता तरी हेच झालं असतं. मुळी फुटवणारं मधात काही नाही. काडीच्या कापलेल्या जागी बुरशी धरू नये एवढंच काम तो करतो, आणि तेही घट्ट असेपर्यंत. ओल्या मातीत तो पातळ झाला की मागे उरते साखर. ती मुंग्यांनाही आवडते आणि बुरशीलाही.

खरं कारण ताईंच्या पुढच्या दोन वाक्यांत सापडलं. काडी शेंड्याची, कोवळी लुसलुशीत होती. कुंडीत काळी माती आणि निम्मं शेणखत होतं. शिवाय सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. अशा कुंडीत काडी कुजते, मग तिला मध लावा नाहीतर केशर.

काडी निवडताना घाई करू नका. फूल नुकतंच झडून गेलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी घ्या. तयार काडी ओळखायची सोपी खूण म्हणजे काटा. अंगठ्याने बाजूला रेटला की तो कडकन, स्वच्छ सुटला पाहिजे. साल ओढत सुटला तर काडी अजून कोवळी आहे. वीतभर लांबीचा, तीन-चार डोळ्यांचा तुकडा करा (डोळा म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो ती जागा). खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका घ्या, वरचा काप डोळ्याच्या थोडा वर आणि सरळ. या तिरक्या-सरळ कापाचा आणखी एक फायदा आहे. लावताना काडी उलटी होत नाही. हसू नका, उलट्या लावलेल्या काड्या मी दर वर्षी बघतो. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार आणि पुसलेलं असू द्या, सालीला चेंगर बसली की तिथूनच कूज सुरू होते. खालची पानं काढून टाका, वरची दोन ठेवा, तीही अर्धी कापून. फांदीचा शेंडा काळा पडून खाली वाळत आला असेल तर त्या झाडाची काडी घेऊच नका. तो रोग काडीबरोबर नव्या कुंडीत येतो.

भरायला निम्मी धुतलेली जाड वाळू आणि निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. कोकोपीट नसेल तर चाळलेला पोयटा (गाळाची माती) चालतो. खत अजिबात नको. मुळी नसलेल्या काडीला शेणखत घालणं म्हणजे दात न आलेल्या बाळापुढे भाकरी ठेवणं आहे. त्यातून शेणखत कच्चं असलं तर त्याची उष्णता वेगळीच. भोकं असलेली पिशवी किंवा कुंडी घ्या, आधी काठीने भोक पाडा, मग दोन डोळे आत जातील अशी काडी लावा आणि भोवतीची माती बोटांनी दाबा. पाण्याचा हिशेब तुम्हाला मी शिकवायला नको, वाफसा हवा. मूठभर मिश्रण दाबलं तर लाडू व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. वरून बूड कापलेली प्लास्टिकची मोठी बाटली उपडी घाला. आतली हवा दमट राहिली की पानं तग धरतात. रोज थोडा वेळ बाटलीचं झाकण उघडा. जागा सावलीची, पण उजेडाची. बाटलीवर थेट ऊन पडलं तर आत काडी शिजते.

आता स्वयंपाकघरातल्या आणि परसातल्या वस्तूंकडे वळतो, कारण ताईंना मुळात तेच विचारायचं होतं.

घरगुती उपायांत मला कोरफड पसंत आहे. जून पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा, म्हणजे पिवळा चीक गळून जाईल. मग गर काढून काडीचं खालचं दोन बोटं टोक त्यात बुडवा आणि लगेच लावा. गर कापाला ओलावा देतो, बुरशीला थोडा आवर घालतो आणि मधासारखा मुंग्या बोलावत नाही. फ्रिजमध्ये चार दिवस ठेवलेला गर वापरू नका. हळद किंवा दालचिनीची पूड वरच्या सरळ कापावर चिमूटभर दाबा. काडी बहुतेक वेळा वरून वाळत येते, तिथे या दोन्हींचा बुरशीरोधक गुण उपयोगी पडतो. खालच्या कापावर पुडीचा लेप थापू नका.

ज्यांच्याकडे नदी-ओढ्याकाठी वाळुंज आहे त्यांना आणखी एक सोय आहे. परदेशी बागकामात ‘विलो’च्या पाण्याचं कौतुक चालतं, तो विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचा सख्खा भाऊबंद. या कुळाच्या कोवळ्या फांद्यांत मुळी फुटायला मदत करणारी द्रव्यं असतात, म्हणून वाळुंजाची फांदी ओल्या काठावर नुसती खोचली तरी लागते. कोवळ्या फांद्यांचे बोटभर तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवा, पाणी गाळा, त्यात गुलाबाच्या काड्यांची बुडं चार-सहा तास ठेवा आणि लावा. पाणी ताजंच वापरायचं.

दुसरा प्रश्न एका दादांचा. ‘काड्या नारळपाण्यात भिजवल्या आणि बटाट्यात खोचून लावल्या. बाराव्या दिवशी हिरवीगार पानं आली, म्हणून उन्हात ठेवल्या. आठवड्यात सगळ्या वाळल्या.’

दादा, पानं आली म्हणजे मुळी आली असं नसतं. काडीत आधीपासून साठवलेलं अन्न असतं. त्यावर डोळे फुटतात, पानं उमलतात. तोवर खाली कापावर फार तर पांढुरकी गाठ धरलेली असते. ऊन लागल्यावर पानं पाणी मागतात आणि द्यायला खाली कोणी नसतं. पांढरी मुळी दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर बाटली काढू नका, आणि मुळी आली का बघायला काडी उपटू तर मुळीच नका. हलक्या हाताने ओढल्यावर काडीने धरून ठेवलं तर समजा काम झालं. पारदर्शक पेल्यात लावली तर मुळी बाहेरूनच दिसते. पेल्याला बाहेरून कागद गुंडाळा, बघायचं तेव्हाच काढा.

नारळपाण्यात वाढीची द्रव्यं असतात हे खरं. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनासाठी, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवण्यासाठी, ते वापरतातही. पण त्यात जोर आहे तो पेशी वाढवणाऱ्या आणि कोंब फुटवणाऱ्या द्रव्यांचा, आपल्याला हवी मुळी. प्रयोगशाळेतली बाटली निर्जंतुक असते, तुमची कुंडी नसते. तिथे त्यातल्या साखरेवर बुरशीच पोसते. बटाट्याबद्दल थोडक्यात सांगतो, त्याची भाजी करा. कुंडीत तो सडतो, नाहीतर स्वतःच उगवतो. कुंडीत बुरशीची भीती वाटत असेल तर मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळा. तीही निसर्गातलीच बुरशी आहे, पण आपल्या बाजूने लढणारी.

तिसरा प्रश्न राहाता भागातल्या एका शेतकऱ्याचा. शिर्डीत फुलांना रोजची मागणी. ‘दहा गुंठे गुलाब करायचाय. शेजाऱ्याच्या ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाच्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतायत. घरच्या घरी रोपं करू का?’

ग्लॅडिएटरसाठी माझा सल्ला ‘नको’ असा आहे. ही रोपं रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून, म्हणजे रानगुलाबाच्या मुळावरच्या बुंध्यात चांगल्या जातीचा डोळा बसवून, केलेली असतात. अशा जातीची काडी रुजते, नाही असं नाही, पण कमी रुजते, आणि स्वतःच्या मुळावरचं झाड खुंटावरच्या झाडाएवढा जोर धरत नाही. भारी किंवा चुनखडीच्या जमिनीत तर फरक लगेच दिसतो. दुसरा धोका असा की डोळ्याच्या खालून, खुंटातून फुटलेला फोक फार जोमदार दिसतो आणि माणूस नेमकी तीच काडी उचलतो. दोन वर्षं सांभाळल्यावर कळतं की आपण रानगुलाब वाढवला. विक्रीच्या फुलासाठी खात्रीच्या रोपवाटिकेतून डोळा भरलेली रोपंच घ्या.

पाकळ्यांसाठी, हारासाठी, गुलकंदासाठी गावठी गुलाब लावणार असाल तर मात्र घरच्या काड्या खुशाल करा. पाच बाय तीन फुटांवर दहा गुंठ्यांत साधारण सव्वासातशे झाडं बसतात. निम्म्याच काड्या लागतील असं धरून पंधराशे लावा. एवढ्या काड्यांना कोरफडीचा गर काढत बसण्यात दिवस जाईल. इथे दुकानात मिळणारी आयबीएची (मुळी फुटवणाऱ्या संजीवकाची) मुळीपूड वापरली तर मी नाक मुरडणार नाही, फक्त पाकिटावरचं प्रमाण पाळा. आता लावलेल्या काड्या दिवाळीनंतर मुळी धरतील. मग त्या माती आणि गांडूळखत भरलेल्या पिशव्यांत हलवा, उन्हाळाभर शेडनेटखाली किंवा झाडाच्या सावलीत सांभाळा आणि पाऊस लागला की शेतात लावा.

त्याआधी विहिरीचं पाणी तपासून घ्या. खारवट पाण्यावर कोवळी मुळी करपते. स्वच्छ धुतलेली लिटरभराची बाटली घ्या, मोटार दहा मिनिटं चालू द्या आणि मग भरा. मातीचा नमुना वेगळ्या पिशवीत तपासायला आणा, खत टाकलेल्या जागेचा नको.