नाताळच्या झाडासाठी लेथवर लाकडी गोळे करून भेट द्यायचेत. लाकूड परदेशी मागवू की साग घेऊ?

दोन्ही नको, बाभूळ घ्या. मैत्रिणीच्या घरच्या झाडाला टांगायला लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कोरायच्या यंत्रावर, गोळे आणि लोलक करायचेत म्हणता, राहता मराठवाड्यात, आणि तुमच्या यादीत मेपल आहे, बीच आहे, साग आहे, फक्त बाभूळ नाही. हे मला लागलं, म्हणून लिहितोय.

आम्ही जालन्याचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, त्यामुळे नाताळ आमच्या भागाला नवा नाही. शेजारच्या मावशींकडून दर नाताळला करंज्या, चकल्या आणि केकचं भरलेलं ताट येतं. ताट रिकामं परत पाठवायचं नाही, ही आमच्या आईची शिस्त. एका वर्षी मी म्हटलं, यंदा ताटात माझ्या हातचं काहीतरी जाऊ दे.

बांधावरची जुनी बाभूळ वादळात आडवी झाली होती. तिचे ओंडके वडिलांनी पावसाळ्यानंतर विहिरीत टाकून ठेवले होते. बाभळीचा गाभ्याभोवतीचा पांढरट भाग लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याला फार आवडतो. पाण्यात मुरवलं की त्यातला भुंग्याचा खाऊ निघून जातो आणि लाकूड टिकतं. जुने सुतार हेच करायचे. पुढे सावलीत रचून नीट वाळू दिलं होतं.

दिवाळीला मामा आले. त्यांची आरा मशीन आहे. लेथवरचा तुकडा हातात घेऊन म्हणाले, "सणासुदीला माणसाला जळतन देतो का रे?" दुसऱ्या दिवशी सागाचे तुकडे आणि लाल ऑइलपेंटचा डबा पाठवून दिला.

मामांबद्दल मला आदर आहे, पण या बाबतीत ते साफ चुकतात. लाकडाकडे घनफुटाच्या भावाने बघायची सवय लागली की असं होतं. ज्या बैलगाडीवर आपल्या भागातली कापसाची बोंद्री बाजाराला गेली, तिच्या चाकाचा तुंबा, म्हणजे आरे बसतात तो मधला ठोकळा, बाभळीचा. वखर, तिफण, कुऱ्हाडीचा दांडा, सगळी बाभूळ. सगळा भार जिच्यावर टाकला तिला भेट द्यायच्या वेळी जळतन म्हणायचं, हे मला पटत नाही. सागाला वास चांगला, रंग चांगला, पण त्यात वाळूसारखी सिलिका असते, पटाशीची धार लगेच मरते. आणि सागावर लाल रंगच फासायचा असेल तर साग तरी कशाला हवा?

बाभळीचा गाभा तांबूस तपकिरी, भोवतीचा भाग पिवळट. तुकडा असा कापा की गोळ्यात दोन्ही येतील. रंग न लावता गोळा दोन रंगांचा होतो, आणि उजेडात राहून गाभा आणखी तांबडा होत जातो. मावशींना मी तसेच गोळे दिले, खाली निमुळता लोलक, वर सुताची दोरी. त्यांनी ते झाडाला लावलेच, पण नाताळ संपल्यावर बाकीच्या सजावटीबरोबर डब्यात गेले नाहीत. दाराच्या चौकटीवर वर्षभर राहिले. पुढच्या वर्षी पुण्याच्या मुलासाठी मागून घेतले. मामा त्याच घरी करंजी खाऊन आले आणि अजूनही म्हणतात की रंग दिला असता तर शोभले असते.

एक गोष्ट मात्र टाळू नका: गोळा आतून पोकळ करा. ६ सेंटीमीटर व्यासाचा भरीव गोळा बाभळीत ९० ग्रॅमच्या आसपास जातो आणि फांदी खाली वाकते. ३ मिलिमीटरची भिंत ठेवून कोरला तर २५ ग्रॅमच्या आत येतो. खालून भोक पाडा, वाकड्या हत्याराने आतून थोडं थोडं काढा, कॅलिपर लावून भिंतीची जाडी मोजत राहा, आणि भोक लोलकानेच बंद करा. लोलकाचं टोक शेवटी काढा, आधी बारीक केलंत तर थरथरून मोडतं.

चकाकीसाठी सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात आणि केवड्याच्या पानाने घासतात. काम देखणंच आहे, पण केवडा आमच्याकडे कुठला? मी जवसाचं तेल लावतो. पातळ हात, पुसून घ्यायचं, सुकू द्यायचं, पुन्हा हात. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

लेथ कोणतं घ्यायचं हेही विचारलंय. या कामाला छोटं टेबलावरचं पुरतं, लाकूड घट्ट धरणारा चांगला चक मात्र हवाच. पैसे उरले तर हत्यारांवर घाला.

आणि हो, हात नवा असेल तर पहिले गोळे कडुनिंबावर करा. बाभूळ कडक आहे, हत्यार अडकलं तर झटका बसतो. तिचा भुसा नाकात गेला की त्रास होतो, मास्क आणि चष्मा लावूनच उभे राहा. उभी बाभूळ यासाठी तोडू नका. पडलेली, छाटलेली भरपूर मिळते. ओली आणून लगेच कोरलीत तर महिन्याभरात तडकेल. वाळलेलं लाकूड आत्ता हाताशी नसेल तर एखाद्या जुन्या सुताराकडे मोडक्या गाडीचं चाक आहे का विचारा. त्याचा तुंबा अनेक वर्षं वाळलेला असतो. आतली लोखंडी नळी मात्र आधी काढून घ्या.