ताई, या जुन्या लॅपटॉपात आधी काय घालू?

प्रश्न : ताई, मी अनुवादाचं काम करतो. वापरलेला थिंकपॅड टी४५० घेतला आहे. आय५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, आत विंडोज १०. बटण दाबल्यापासून वर्ड उघडेपर्यंत अर्धा पेपर वाचून होतो. दुरुस्तीवाला म्हणतो, विंडोज ११ टाकून देतो, पळायला लागेल. मुलगी म्हणते, विंडोज काढून लिनक्स टाका. भाचा म्हणतो, रॅम वाढवा. सगळं एकदम करणं खिशाला जमणारं नाही. आधी काय करू?

उत्तर : तिघांनीही डिस्कचं नाव काढलेलं नाही, आणि दुखणं तिथेच आहे. लॅपटॉप नुकताच सुरू झालेला असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कच्या रकान्यात १०० टक्क्यांच्या आसपास आकडा चिकटून बसलेला दिसेल आणि प्रोसेसर बराचसा रिकामा असेल. तो डिस्कची वाट पाहतोय. तुम्ही त्याची वाट पाहताय.

साध्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो. त्याआधी हेड त्या जागी सरकायलाही वेळ लागतो. असं करत विखुरलेल्या बारीक फायली सेकंदाला साठ-सत्तर, फार तर शंभर वेळा वाचून होतात. विंडोज सुरू होताना असल्या हजारो फायली मागते. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे तिथे हीच वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात. तुमच्या लॅपटॉपला दुसरं काहीही केलं नाही आणि फक्त एसएसडी बसवली, तरी पेपर वाचायला वेगळा वेळ काढावा लागेल.

टी४५०ला अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी लागते. साटा म्हणजे डिस्क जोडण्याची जुनी पद्धत. तिची कमाल मर्यादाच सेकंदाला साधारण ५५० एमबी आहे, तेव्हा सर्वांत वेगवान म्हणून मिरवणाऱ्या महागड्या मॉडेलच्या मागे लागू नका. मजकुराच्या कामाला २५० जीबीच्या आसपासची पुरते. फोटो, व्हिडिओ साठवत असाल तर ५०० घ्या. निघालेली हार्ड डिस्क फेकू नका. यूएसबीने जोडायच्या डबीत, म्हणजे एन्क्लोजरमध्ये, घातली की बॅकअपला उपयोगी पडते. मात्र आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने तिची तब्येत पाहा. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’च्या ओळीतला शेवटचा, ‘रॉ व्हॅल्यूज’खालचा आकडा शून्याच्या वर गेला असेल, तर त्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवायची नाही.

या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मागची बॅटरी काढली की वीज गेली असं वाटतं, पण पुढच्या बाजूला आत आणखी एक बसवलेली असते आणि बोर्ड जिवंत राहतो. म्हणून उघडण्याआधी चार्जर काढायचा, सुरू होताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये, जायचं आणि ‘कॉन्फिग’मधल्या ‘पॉवर’खाली ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ निवडायचं. यंत्र स्वतःहून बंद होतं. मग मागची बॅटरी काढून खालचे स्क्रू सोडवायचे. कव्हर कडेच्या खटक्यांत अडकलेलं असतं, ते प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवायचं. स्क्रूड्रायव्हर खुपसला की कडा तुटतात. काम झाल्यावर चार्जर लावला की आतली बॅटरी पुन्हा जागी होते.

दुसरा नंबर रॅमचा, भाच्याचं म्हणणं अगदीच वाया गेलेलं नाही. ब्राउझरचे आठ-दहा टॅब, वर्ड आणि एक शब्दकोश उघडा ठेवला की ४ जीबी संपते. टी४५०मध्ये दोन खाचा असतात आणि १६ जीबीपर्यंत रॅम चालते. तुम्हाला ८ जीबी पुरेल. सध्या ४ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच आणखी एक घाला. दोन पट्ट्यांमुळे अंगभूत ग्राफिक्सलाही हातभार लागतो, कारण ते याच रॅममधून खातं. पट्टी मात्र डीडीआर३एल हवी, १.३५ व्होल्टची. नुसती डीडीआर३ म्हणजे १.५ व्होल्टची. ती दिसायला सारखीच असते, खाचेतही बसते, पण या यंत्रात चालत नाही. लेबलवर ‘पीसी३’च्या पुढे ‘एल’ आहे ना, एवढं बघून घ्या. आणि तुमचं मॉडेल टी४५० आहे की टी४५०एस, तेही. ‘एस’मध्ये ४ जीबी बोर्डावरच झाळलेली असते आणि खाच एकच मिळते.

आता दुरुस्तीवाल्याचं विंडोज ११. इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालतं आणि तुमचा आय५ पाचव्या पिढीचा आहे. पिढी नावातच असते. आय५-५३००यू मधला पहिला ५ म्हणजे पाचवी, ८२५०यू मधला ८ म्हणजे आठवी. रुफससारख्या साधनाने ही अट चुकवून विंडोज ११ बसवता येतं, तुमचा दुरुस्तीवाला तेच करणार. चालेलही. पण अशा यंत्राला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि मोठी आवृत्ती आली की दर वेळी तीच कसरत. घरात ती कसरत करणारं कोणी असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याचे मजकूर सांभाळणाऱ्या माणसाला मी हे सुचवणार नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करून एक वर्ष वाढीव सुरक्षा-अपडेट घेण्याची सोय जाहीर झाली ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची. ती सोय जुन्या कामाची आवराआवर करण्यापुरती धरा.

थोडक्यात, मी मुलीच्या बाजूने आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आवृत्ती घ्या. मिंट २२ ही मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पण लगेच बसवू नका. पेन ड्राइव्हवर तयार करा, सुरू होताना एफ१२ दाबून पेन ड्राइव्ह निवडा आणि डिस्कला हात न लावता दिवसभर त्यावर काम करून पाहा. पेन ड्राइव्हवरून सगळं थोडं सावकाश चालतं, त्यावरून वेगाचा निकाल लावायचा नाही. वाय-फाय जोडलं जातंय का, कॅमेरा आणि आवाज आहे का, प्रिंटर ओळखतोय का, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र नीट जागं होतंय का, ते पाहायचं. हे शेवटचं तर नक्कीच. लिनक्समध्ये तक्रार निघालीच तर बऱ्याचदा तिथूनच निघते.

अनुवादकाने आणखी दोन गोष्टी तपासायच्या. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक हे दोन्ही कळफलक लिनक्सवर मिळतात, पण युनिकोडपूर्व काळातल्या तुमच्या फायली असतील, श्रीलिपीतल्या किंवा कृतिदेवमधल्या, तर त्या विंडोज हाताशी आहे तोवर युनिकोडमध्ये आणून ठेवा. नंतर उघडाल तेव्हा नुसती अगम्य अक्षरं दिसतील. दुसरं, तुमचे संपादक वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ लावून फायली पाठवत असतील, तर त्यांतली सर्वांत किचकट फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून, बदल करून त्यांना परत पाठवा. साधा मजकूर आणि दुरुस्त्या नीट जातात. गुंतागुंतीचे तक्ते आणि तळटीपा कधी कधी हलतात. त्यांना चाललं तर तुम्हालाही चालेल. नाहीच चाललं, तर ब्राउझरमधलं वर्ड आहेच.

प्रश्न : माझ्या सहाव्या पिढीच्या लॅपटॉपात एम.२ची खाच आहे म्हणून मी एनव्हीएमई एसएसडी आणली. बसली, स्क्रू लागला, पण बायोसमध्ये दिसतच नाही. एसएसडी खराब निघाली का?

उत्तर : बहुधा नाही. एम.२ हे फक्त खाचेच्या आकाराचं नाव. आतून ती साटा बोलते की एनव्हीएमई ही नवी, वेगवान पद्धत, हे बोर्ड बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. त्या काळातल्या पुष्कळ बोर्डांवर फक्त साटाच जोडलेली आहे. परत देता येत असेल तर देऊन एम.२ साटा घ्या. त्याआधी मॉडेलचं हार्डवेअर मॅन्युअल उतरवून घ्या आणि लांबीही बघा : २२४२ म्हणजे ४२ मिलिमीटर, २२८० म्हणजे ८०. मॅन्युअल आधी, खरेदी मग. हे मी दर महिन्याला लिहिते.

प्रश्न : तिसऱ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, एसएसडीही घातली आहे. तरी यूट्यूब लावलं की पंखा घोंघावतो आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये तळ हात लावू देत नाही. आता प्रोसेसर बदलावा का?

उत्तर : नको. यूट्यूब शक्य तिथे व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी पाठवतं. ते उलगडण्याचं खास सर्किट इंटेलने नंतर घातलं, व्हीपी९साठी ते सातव्या पिढीत पूर्ण झालं आणि एव्ही१साठी अकराव्या पिढीत आलं. तुमच्या चिपमध्ये एच.२६४ या जुन्या पद्धतीसाठी सर्किट आहे, बाकीचं सगळं प्रोसेसरला अंगमेहनतीने उलगडावं लागतं. फायरफॉक्समध्ये ‘एच२६४इफाय’ हे एक्स्टेन्शन घाला. ते यूट्यूबला एच.२६४च द्यायला लावतं. १०८०पीच्या वर जाता येणार नाही, पण तुमच्या पडद्याला त्याहून जास्त लागतही नसावं. मीटिंगमध्ये मागचं दृश्य धूसर करण्याची सोय बंद ठेवा. जुन्या प्रोसेसरला ती फार जड जाते.

मग तळ उघडा. पंखा आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या पात्या जिथे मिळतात तिथे धुळीची, जाजमासारखी घट्ट पट्टी जमलेली असते. बाहेरून फुंकर मारली तर ती आणखी आत बसते. पंखा सोडवून ती चिमट्याने अख्खी ओढून काढायची. दाबाची हवा मारणार असाल तर पातं बोटाने धरून ठेवा, मोकळा पंखा भरधाव फिरला की बेअरिंग जातं. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा भाग, काढलाच तर मधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय परत बसवू नका.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे. मामाने कोअर २ ड्युओचा लॅपटॉप दिलाय, रॅम २ जीबी. विंडोज ७ छान चालतं त्यावर. रॅम ४ जीबी केली तर निभेल ना?

उत्तर : विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२०लाच संपला आणि क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, २०२३च्या सुरुवातीची. त्यावरून बँक किंवा कॉलेजचं खातं उघडू नकोस. विंडोज ११ची नवी आवृत्ती तर, म्हणजे २४एच२पासून पुढे, या प्रोसेसरवर कुठल्याही युक्तीने सुरूच होणार नाही. तिला लागणाऱ्या पॉपसीएनटीसारख्या सूचना या चिपमध्ये नाहीत.

कोअर २ ड्युओ ६४ बिटचा आहे, त्यामुळे डेबियन १३ हे लिनक्स आणि त्यावर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप बसवता येईल आणि तो हलका चालेल. पण ऑपरेटिंग सिस्टिम हलकी मिळते, वेबसाइट हलक्या मिळत नाहीत. टायपिंग, पीडीएफ वाचन, प्रोग्रामिंगचे धडे, एका वेळी दोन-तीन टॅब, एवढ्यावर भागत असेल तर जरूर वापर. पैसे मात्र रॅममध्ये घालू नकोस. या काळातल्या बहुतेक यंत्रांना डीडीआर२ लागते आणि ती पुढच्या कुठल्याच लॅपटॉपात चालणार नाही. घालायचेच असतील तर अडीच इंची साटा एसएसडीत घाल. हा लॅपटॉप गेला की तीच काढून अडीच इंची जागा असलेल्या पुढच्या लॅपटॉपात बसवशील.

पुढचा घेताना आधी बायोस उघडून पाहा. थिंकपॅडला सुपरवायझर पासवर्ड असेल आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल, तर किती का स्वस्त असेना, सोडून दे. तो पासवर्ड बोर्डावरच्या चिपमध्ये असतो, नाण्याएवढी बॅटरी काढून तो जात नाही. मग विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप कर. अहवालात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ शेजारी ठेव. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव कर.

प्रश्न : वेग वाढवणारा, रजिस्ट्री साफ करणारा एक प्रोग्राम दुकानदाराने घालून दिलाय. पैसे भरून पूर्ण आवृत्ती घ्यावी का?

उत्तर : नाही. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंग नोंदवणारी वही. ती साफ केल्याने वेग वाढत नाही, उलट एखादा चालता प्रोग्राम बंद पडतो. व्हायरससाठी विंडोजमधला डिफेंडर पुरे. जागा भरली असेल तर सेटिंगमधल्या ‘स्टोरेज’मध्ये जाऊन तात्पुरत्या फायली पुसा, आणि टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ टॅबमधून आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद करा. मग तो क्लीनर अनइन्स्टॉल करा. जाता जाता तो तुमच्या संगणकात अमुक हजार दोष बाकी आहेत असं लाल अक्षरांत सांगेल. तरी ‘हो, काढा’ दाबा.