घरी केलेल्या कंट्री ढंगाच्या मिक्सवर अभिप्राय कसा घ्यावा, आणि दुसऱ्याच्या मिक्सवर कसा द्यावा?

तुम्ही गुहागरला घरच्या खोलीत एक मराठी गाणं कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण गाण्याच्या, ढंगात केलंय आणि वाद्यं व गळा एकत्र जुळवून त्याचं मिक्स बनवलंय. अकूस्टिक गिटार, बेस, ब्रशने वाजवलेले ड्रम आणि मधूनमधून स्लाइड गिटार (तारेवर नळी सरकवून वाजवलेली). सगळं ऊबदार वाटावं अशी इच्छा. तिघांना ऐकवलं, तर एक म्हणाला 'मस्त', दुसरा 'गढूळ वाटतंय', तिसरा 'बेस घुमतोय'. यातलं कोणाचं धरायचं, आणि मित्राने त्याचं मिक्स पाठवलंय त्याला काय कळवायचं, असा तुमचा प्रश्न. मी सिंधुदुर्गात भजनमंडळांची आणि इथल्या तरुण बँडची रेकॉर्डिंग मिक्स करतो. अभिप्राय मागणं आणि देणं हे दोन्ही रोजचंच.

माझं मत असं की ऐकणाऱ्याने आपल्याला काय जाणवलं आणि गाण्यात नेमकं कुठे जाणवलं, एवढं सांगावं. उपाय शोधणं हे मिक्स करणाऱ्याचं काम. समजा एकाने सांगितलं 'गळा वर घे', दुसऱ्याने 'गिटार खाली कर' आणि तिसऱ्याने 'रिव्हर्ब काढ' (म्हणजे प्रतिध्वनीचा परिणाम). तिघांचं एकमेकांशी जुळत नाही म्हणून सोडून देऊ नका. तिघंही दुसऱ्या अंतऱ्याबद्दलच बोलतायत का ते बघा. तसं असेल तर जागा पक्की आहे, फक्त तिघांचे उपाय वेगळे आहेत. अशा ठिकाणी बहुतेकदा असं सापडतं की स्लाइड गिटारने लांब सूर धरलाय आणि तो २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात गळ्याच्या व्यंजनांवर बसलाय. मग गळा वर घ्यायची गरजच उरत नाही. गाणाऱ्याची ओळ चालू असताना स्लाइड दोनेक डेसिबल खाली आणा आणि ओळ संपली की तिला बोलू द्या. कंट्रीमध्ये स्टील गिटार आणि फिडल (लोकढंगात वाजवलेलं व्हायोलिन) वाजवणारे हेच करतात, गायकाच्या दोन ओळींमधल्या जागेत उत्तर देतात.

कारण कंट्री म्हणजे आधी गोष्ट. शब्द कळला नाही तर बाकी कितीही ऊब असो, गाणं पोचत नाही. यासाठी आपल्याकडचा डबलबारीचा, म्हणजे भजनाच्या सामन्याचा, श्रोता मला फार मोलाचा वाटतो. समोरासमोर दोन बुवा आणि उत्तररात्रीपर्यंत जागून ऐकणारी माणसं. त्यांना कॉम्प्रेसर म्हणजे काय ते ठाऊक नसेल, पण पखवाज आणि झांजेच्या गदारोळात बुवाने गिळलेला शब्द ते बरोबर पकडतात. शेजारच्या अशाच एका काकांना मी कधीकधी मिक्स ऐकवतो. ते मधेच मान वर करून विचारतात, "शब्द खंय गेले?" वेळ टिपून घ्यायची, तिथे जाऊन ऐकायचं, काहीतरी सापडतंच.

आता 'गढूळ'. ऊब आणि गढूळपणा दोन्ही एकाच शेजारात राहतात, साधारण २०० ते ५०० हर्ट्झमध्ये. गिटारचा पेटारा, पुरुषी गळ्याचा भरदारपणा, बेसचे वरचे स्वरांश (मूळ सुराबरोबर उमटणारे उंच सूर), सगळे तिथे गर्दी करतात. एकटं ऐकलं तर प्रत्येक वाद्य गोड, एकत्र आलं की धूसर. ही गर्दी सगळीकडून सारखी कापली तर गाणं किडकिडीत होतं, आणि पुढच्या खेपेला तेच मित्र 'आता मजा गेली' म्हणतात. त्यापेक्षा ऊब कोणाची ठेवायची ते ठरवा. गळ्याची ठेवायची असेल तर गिटारला १०० हर्ट्झच्या आसपास खालचे सूर अडवणारी गाळणी लावा, २५० ते ३०० हर्ट्झपाशी दोन-तीन डेसिबलचा खळगा द्या, म्हणजे तेवढाच पट्टा कमी करा, आणि गळ्याला हात लावू नका. गिटार एकटीच अंतरा सुरू करत असेल तर तेवढ्यापुरता तो खळगा काढून टाका. म्हणूनच 'गढूळ' ऐकल्यावर विचारायचा प्रश्न एकच, 'सगळीकडे, की सगळी वाद्यं एकत्र आल्यावर?'

'बेस घुमतोय' या शेऱ्याची चौकशी जरा वेगळी करावी लागते, कारण त्यात ऐकणाऱ्याची खोलीही बोलत असते. चिऱ्याच्या भिंती, गिलावा, वर स्लॅब, दहा बाय बाराची खोली. दहा फुटांच्या अंतरात सुमारे ५६ हर्ट्झची स्थिर लहर उभी राहते, म्हणजे तो सूर खोलीतच फुगतो, बारा फुटांत सुमारे ४७ ची. बेसच्या मोकळ्या ए तारेचा सूर ५५ हर्ट्झ. म्हणजे गाणं ए मध्ये असेल तर अशा खोलीत प्रत्येक सम आली की भिंतच वाजणार! सगळे सूर घुमतात की एखादाच, हे विचारा. एखादाच असेल तर आधी हेडफोनवर तपासा आणि मगच मिक्सला हात लावा. उलट, फोनच्या स्पीकरवर ऐकून कोणी 'बेसच नाही' म्हणालं तरी घाबरू नका, तिथे २०० हर्ट्झच्या खालचं फारसं येतच नाही. बेसला थोडं सॅच्युरेशन (आवाजात हलकी खरखर मिसळणं) दिलं की त्याचे वरचे स्वरांश फोनवरही कळतात. गाडीत ऐकणाऱ्याचंही तसंच, रस्त्याची घरघर खालचे सूर झाकते. आणि आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ब्रशचा आवाज आणि रिव्हर्बची शेपटी यांबद्दल कोणाचंच मत घेऊ नये, स्वतःचंही नाही.

आवाजाची पातळी हा तर मोठाच फसवा भाग आहे. हळू ऐकताना कानाला खालचे सूर कमी लागतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. आणि दोन आवृत्त्यांतली एक जेमतेम डेसिबलभर मोठी असली तरी तीच 'चांगली' वाटते. त्यामुळे जुनं आणि नवं मिक्स तुलनेला देताना दोन्हींची पातळी सारखी करून द्या. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मित्राच्या मिक्सबद्दल. काहीही लिहिण्याआधी त्याला विचारा की कानात कोणतं कंट्री आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल-स्टील मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस पुढे आणला, मऊ आणि गुळगुळीत. त्याच्या उलट कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा, गायक बक ओवेन्सचा आवाज, टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची धारदार तार सरळ कानात. मित्राला दुसरं हवं असेल आणि तुम्ही 'गिटार टोचते, मऊ कर' लिहिलंत, तर त्याच्या गाण्याचा कणाच काढून घेतलात. आपली आवड आणि त्याचा दोष यांत गल्लत झाली की अभिप्राय निरुपयोगी होतो, आणि माणूस दुखावतो ते वेगळंच.

मग गाणं एकदा न थांबवता सबंध ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना वेळ टिपा. लिहिताना असं काही लिहा: 'हेडफोनवर मध्यम आवाजात ऐकलं. १:१२ ला स्लाइड आली आणि माझं लक्ष शब्दांवरून उडालं, २:०५ ला परत आलं. पहिल्या कडव्यात गळा अगदी शेजारी बसून गातोय असं वाटतं, ते हलवू नकोस.' हे शेवटचं वाक्य गोड बोलण्यासाठी नाही. काय चांगलं आहे ते सांगितलं नाही तर पुढच्या आवृत्तीत नेमकं तेच जातं, हे मी बऱ्याच मुलांच्या कामात पाहिलंय. सगळ्यात मोठी अडचण आधी लिहा, वाद्यांचा तोल बिघडलेला असताना रिव्हर्बच्या लांबीवर चर्चा नको. आकडे त्याने मागितले तरच द्या. आणि गाणं प्रसिद्ध करून झालं असेल तर फक्त आवडलेलं सांगा.

तुमच्या मिक्सवर अभिप्राय येईल तेव्हा लगेच खुलासा करू नका. 'तो माइकच तसा होता' म्हटलं की समोरचा पुढचं बोलायचा थांबतो. लिहून घ्या, एक रात्र जाऊ द्या, सकाळी ताज्या कानाने तीच जागा ऐका. आणि मिक्स पाठवताना गाण्याचे शब्द सोबत पाठवू नका. शब्द डोळ्यांसमोर असले की न ऐकू येणारेही ऐकू येतात. आधी नुसतं ऐकवा, कोणत्या ओळी कळल्या नाहीत ते त्यांनाच लिहायला सांगा, आणि शब्दांचा कागद त्यानंतर द्या.