पान पिवळं पडलं की लगेच खत नको : वाचकांचे प्रश्न, घरातल्या बागेबद्दल

प्रश्न : ताई, हॉलच्या कोपऱ्यात ग्रो लाइटखाली (झाडं वाढवायच्या दिव्याखाली) मिरचीची रोपं लावलीयत, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), पाणी आरओचं. लाइटच्या बॉक्सवर 1000 वॉट लिहिलंय तरी रोपं नुसती लांबच लांब वाढतायत. खालची पानं पिवळी, नवीन पानं वाकडी. दर चार दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) देतोय, आता पानांची टोकंही जळायला लागली. अजून काय देऊ? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दादा, अजून काही देऊ नका, आधी आहे ते धुवून काढा. कुंडीत पाणी सोडा, खालून भरपूर निथळून जाऊदे, कारण टोकं जळतात ती बहुतेक वेळा साचलेल्या खताच्या क्षारांनी.

आता लाइटचं. बॉक्सवरचे 1000 वॉट विसरा, ती निव्वळ जाहिरात. तो दिवा प्लगमधून खरी किती वीज खेचतो ते मागच्या स्टिकरवर किंवा अ‍ॅडॉप्टरवर बघा, बरेचदा शंभरच्या आसपास निघते, कधी त्याहून कमी. दोन बाय दोन फुटात खऱ्या शंभर वॉटच्या पांढऱ्या एलईडीवर मिरची मस्त येते, पण तोच दिवा तीन फूट वर टांगला तर अर्धा उजेड भिंतींनाच जातो आणि रोप उजेड शोधत लांबत जातं. मोबाईलवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं फुकट अ‍ॅप मिळतं, अगदी काटेकोर नसतं पण अंदाजाला पुरतं. शेंड्याजवळ मोबाईल धरा, पांढऱ्या एलईडीखाली 25-30 हजार लक्स आले आणि रोज 14 तास मिळाले तर मिरचीला फळापुरता उजेड झाला. खिडकीपासून लांब, खोलीच्या आत भर दुपारीसुद्धा अनेकदा हजार लक्सही नसतात, डोळ्यांना मात्र लख्ख वाटतं, तिथेच सगळे फसतात. दिवा एकदम खाली आणू नका, रोज थोडा थोडा. शेंड्याची पानं पांढुरकी पडायला लागली की समजा फार जवळ आलाय.

पिवळेपणाचं बघायचं तर पहिला प्रश्न एकच, जुनी पानं की नवी? नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी जातात. पूर्ण पान फिकट झालं तर नत्र. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, आणि तुमच्याकडे मला हेच वाटतंय, कारण 19:19:19 मध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं, आरओच्या पाण्यात जवळपास नसतंच, आणि कोकोपीट तर उलट असलेलं धरून ठेवतं. तीनही गोष्टी एकाच दिशेला! कॅल्शियम मात्र पानात एकदा बसलं की हलत नाही, त्याची कमतरता नव्या पानांवर दिसते, ती वाकडी आणि आखडलेली येतात. लिटरला 1 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट एका वेळी, पुढच्या वेळी अर्धा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट 19:19:19 सोबत, तेही 19:19:19 अर्ध्या-एक ग्रॅमच्या वर नको. कॅल्शियम नायट्रेट या दोघांबरोबर घट्ट कालवायचं नाही, तळाला पांढरा गाळ बसतो आणि खत वाया जातं. एक छोटा फॅनही लावा, हवा हलली की पानं पाणी ओढतात आणि कॅल्शियम त्या पाण्याबरोबरच वर जातं.

आणि हो, वाकडी पानं उलटून बघा. वर वळलेली असली तर फुलकिडे, खाली वळलेली असली तर कोळी कीड (माइट), म्हणजे आपला नेहमीचा चुरडामुरडा. घरात येत नाही असं काही नाही. तो असेल तर कॅल्शियम ओतून काहीही होणार नाही.

प्रश्न : घरात ग्रो टेंटमध्ये (झाडं वाढवायच्या बंद तंबूत) अशाच लाइटखाली गांजाचं एखादं रोप वाढवलं तर? एकच. (नाव नको, नाशिक)

उत्तर : एकही नाही. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, 1985. विनापरवाना लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. कॅनडात, जर्मनीत ठरावीक रोपांची मुभा आहे, नाशिकमध्ये नाही. टेंटमध्ये टोमॅटो लावा.

प्रश्न : टोरंटोला असतो. कढीपत्ता हिवाळ्यात आत आणला की दरवर्षी पिवळा पडून पानं गाळतो. आईच्या सांगण्यावरून ताक घातलं तर घरभर वास आणि चिलटं. लोह देऊ का? (एक वाचक)

उत्तर : आईचं ताक अंगणातल्या झाडाला ठीक, बंद खोलीतल्या कुंडीला नको. डिसेंबरात तुमच्याकडे दिवस जेमतेम 9 तासांचा, त्यात खिडकीजवळची माती गार आणि ओली, म्हणजे मुळं झोपलेली, अशा मुळांना लोह असूनही उचलता येत नाही. वरचा दीड-दोन इंच थर सुकल्याशिवाय पाणी नको, कुंडी काचेपासून लांब, आणि पांढरा एलईडी 12-14 तास. नवा कोंब दिसेपर्यंत खत बंद. कोंब आल्यावरही नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तरच चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं, पाकिटावर ईडीटीए किंवा ईडीडीएचए असा प्रकार लिहिलेला असतो) द्या, पण आधी मातीचा पीएच (आम्लता) तपासा, 7 च्या वर असेल तर साधं ईडीटीएवालं फारसं लागू पडत नाही, ईडीडीएचएवालं घ्या. पानं गळून नुसत्या काड्या राहिल्या तरी टाकून देऊ नका, नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. मेअखेरीस बाहेर काढाल तेव्हा आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, घरात वाढलेली पानं थेट उन्हात करपतात.