राजारामपुरीचा पिन कोड आणि २४९ चा वर्ग

प्रश्न : राजारामपुरीत माझं स्टेशनरीचं दुकान आहे. नववीतल्या मुलीनं दुकानाच्या शिक्क्यावरचा पिन कोड ४१६००८ घेतला आणि त्याचे मूळ अवयव पाडायला बसली. ८ × ५२००१ इथं गाडी अडली. ४७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, कशानंच भाग जाईना. मग ५२००१ ही मूळ संख्याच धरायची का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, धरायची नाही. पण पोरीनं काम चोख केलंय, हे आधी तिला सांगा. ५२००१ चं वर्गमूळ २२८ च्या किंचित वर येतं, म्हणून मूळ ठरवायची तर २२७ पर्यंत जावं लागतं.

तुमचं पत्र सकाळी चहा घेताना वाचलं आणि पाकिटाच्या पाठीवरच आकडे मांडले. भागाकार मात्र केले नाहीत. २२९ चा वर्ग ५२४४१. त्यातून ५२००१ गेले, उरले ४४०. हा पूर्ण वर्ग नाही. २३० चा वर्ग ५२९००, उरले ८९९. अरे, एकानं हुकलं! ३० चा वर्ग ९००. असं एकेक पुढं सरकत एकविसाव्या खेपेला २४९ वर आलो. त्याचा वर्ग ६२००१, उरले बरोबर १००००, म्हणजे १०० चा वर्ग. चहा पार निवला होता, पण त्या चार शून्यांनी सकाळ सोन्याची केली.

आता अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे सूत्र तिला पाठ असणारच. २४९ + १०० = ३४९ आणि २४९ − १०० = १४९. दोन्ही मूळ. म्हणून ४१६००८ = २ × २ × २ × १४९ × ३४९.

ही रीत सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांची. दोन अवयव एकमेकांच्या फार लांब नसले तरच ती लवकर फळते. एक अवयव ३ किंवा ७ असता, तर हजारो वर्ग मांडत बसावं लागलं असतं. म्हणून आधी लहान संख्यांनी भागून बघायचं, जसं तिनं केलं.

शेजारच्या सांगलीचा ४१६४१६ मात्र बघताक्षणी सुटतो. तीन अंक जसेच्या तसे दोनदा आले, की ती संख्या १००१ च्या पटीत असते, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३.

मुलीला पुढचं काम देतो. १४९ = १०² + ७² आणि ३४९ = १८² + ५². आपला पिन कोडही दोन वर्गांची बेरीज आहे, तीही दोन तऱ्हांनी : ६४२² + ६२² आणि ५८२² + २७८². त्या १०, ७, १८, ५ मधून ६४२ आणि ६२ कसे निघाले, हे तिनं शोधावं आणि मला लिहून पाठवावं. मी वाट बघतोय.