घरात मधमाश्यांचं पोळं: आधी माशी ओळखा, मग माणूस बोलवा

पावसाळा सरला की त्याच त्या शंका येऊ लागतात आणि मेअखेरपर्यंत थांबत नाहीत. घोळ बहुतेक वेळा एकच असतो. माशी कोणती हे न पाहताच तिला घालवायचं कसं ते विचारलं जातं. मुंबईत घरांजवळ मुख्यतः चार माश्या दिसतात. आग्या उंच इमारतीच्या छज्जाखाली उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते. सातेरी भिंतीच्या पोकळीत किंवा खोक्यात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. फुलोरी फांदीवर तळहाताएवढं पोळं करते. चौथी डंख नसलेली, बारकी, काळी पोयाची माशी. चौघींना एकच उपाय लागू पडत नाही. प्रश्नासोबत दिवसाउजेडी, लांबून झूम करून काढलेला फोटो पाठवा.

प्रश्न : अंधेरीत आमच्या पार्किंगमधल्या स्कूटरच्या आरशाला सकाळपासून माश्यांचा घोस लटकला आहे. पाणी मारून हाकलू का?

नाही. हा जागेच्या शोधात थांबलेला थवा आहे, बहुधा दोन दिवसांच्या आत उडून जाईल. तोवर स्कूटर हलवू नका आणि भोवती दोरी बांधा. त्यानंतरही थवा तिथेच असेल आणि पांढरं मेण दिसू लागलं, तर मधमाशीपालकाला बोलवा.

प्रश्न : गिरगावात आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर छोटं पोळं लागलंय. आई म्हणते लक्ष्मी आली, शेजारी म्हणतात अपशकुन.

दोन्ही नाही. फोटोत फुलोरी आहे. फांदीला धक्का न लावता लांबून पाणी घाला. घरात रांगतं मूल किंवा डंखाची अ‍ॅलर्जी असलेलं कुणी असेल, तर जाणकाराकडून ती फांदी पोळ्यासकट दुसरीकडे बांधून घ्या.

प्रश्न : कांदिवलीतल्या आमच्या सोसायटीत चौदाव्या मजल्याच्या छज्जाखाली दोन हात रुंद पोळं आहे. एक जण म्हणतो, "रात्री मशालीने काढतो, अर्धा मध तुमचा." एक पेस्ट कंट्रोलवाला फवारणी करून वर्षाची गॅरंटी देतो. कमिटीने काय ठरवावं?

दोघांनाही नाही म्हणावं, आणि आजच म्हणावं.

ही आग्या माशी. मशाल लावली की पंख होरपळलेल्या माश्या खाली कोसळतात. उरलेल्या अंधारात विस्कटतात आणि जिथे दिवा दिसेल त्या खिडकीकडे धावतात. डंख मारताना माशी एक रसायन सोडते. त्याचा वास पिकल्या केळ्यासारखा असतो आणि त्या वासाने बाकीच्या माश्या त्याच माणसावर तुटून पडतात. ज्याने मशाल लावली तो अंगभर पोशाखात असतो. डंख बसतात ते वॉचमनला, लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या आजींना. शिवाय चौदाव्या मजल्यावर एसीच्या वायरी आणि वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी उघडी आग न्यायची, हा धोका वेगळाच.

फवारणीही बरी नाही. बाहेर गेलेल्या माश्या परत येतात आणि पुढचे दोन-तीन दिवस तिथेच सैरभैर फिरतात. जमिनीवर पडलेल्या मेल्या माशीचा काटाही अनवाणी पायाला टोचतो. पोळ्यातला मध विषारी होतो आणि तो लुटायला इतर मोहोळांच्या माश्या येतात, म्हणजे विष तुमच्या छज्जापाशी थांबत नाही. गॅरंटीचं म्हणाल तर आग्या मुळातच स्थलांतर करते. काटेसावर, पांगारा, करंज, जांभूळ असे फुलोरे संपले की पावसाच्या आत ती बहुधा आपणहून निघून जाते. म्हणजे माशी जाणारच असते आणि पैसे तुम्ही भरता. जागा आवडलेली असेल तर ती पुढच्या हंगामात परत येते. भिंतीवर मेणाचा डाग राहिला असेल तर आणखी सहज.

"अर्धा मध तुमचा" हे आमिष आहे. मध असतो पोळ्याच्या वरच्या, जाड भागात. खाली अंडी, अळ्या आणि पराग. सगळं एकत्र पिळलं की पातळ रस निघतो आणि तो थोड्या दिवसांत आंबतो. गेटवर स्टीलच्या डब्यातून "आत्ताच काढलाय" म्हणून विकला जाणारा मध घेऊ नका. पोळ्यावर आधी काय मारलं होतं, हे विकणारा सांगत नाही. मध कितीही शुद्ध असला, तरी एक वर्षाखालच्या बाळाला चाटवायचा नाही.

पोळं कुणाच्या खिडकीपासून दोन-तीन मजले दूर असेल तर जूनपर्यंत राहू द्या. त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी बसवा, संध्याकाळनंतर तिकडचे दिवे कमी ठेवा. खाली पालापाचोळा जाळायचा नाही, फटाके नाहीत, ड्रोन तर नाहीच. खिडकीच्या हाताशी असेल, लिफ्टच्या खोलीजवळ असेल किंवा रंगकाम काढायचं असेल, तर मात्र काढावंच लागेल. यात कमिट्या फार चालढकल करतात. विषय सभेत महिनोन्‌महिने पडून राहतो आणि मग एक दिवस रंगारी दोरावरून थेट पोळ्यासमोर उतरतो. परांची बांधण्याआधी चारही बाजू दुर्बिणीने पाहून घ्या.

चांगला माणूस दिवसा येऊन जागा पाहतो आणि काम अंधार पडल्यावर करतो. आदल्या दिवशी सगळ्या घरांना सूचना द्यायला लावतो, त्या बाजूचे दिवे बंद करवतो आणि लाल प्रकाशाचा टॉर्च वापरतो, कारण माश्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. त्याच्याकडे धूर असतो, ज्वाळा नसते. सोबत दुसरा माणूस आणि सुरक्षा पट्टा असतो. शेवटी तो मेण खरवडून जागा धुतो. फोनवरच भाव सांगणाऱ्याला घरी बोलावू नका. विचारायला वन विभागाची १९२६ हेल्पलाइन आहे, पुण्यात खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. माश्या उठल्या आणि माणसं अडकली, तर अग्निशमन दलाला १०१.

प्रश्न : मुलुंडला आमच्या मीटरच्या खोक्यात माश्या ये-जा करतात. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सिमेंटने भोक बुजवू.

बुजवू नका आणि वाटही पाहू नका. सातेरी आपणहून जाईलच असं नाही, पोळी वाढत जातात. तोंड बंद केलं की माश्या दुसरी फट शोधून घरात निघतात. त्या आत मेल्या तर पोळ्याला वारा घालायला कुणी उरत नाही. उन्हाने तापलेल्या भिंतीत मेण मऊ पडून पोळं कोसळतं, मध वायरींवर पाझरतो आणि मागून मुंग्या व मेणअळी येतात. आधी वीजपुरवठा बंद करून घ्या, तो वीज कंपनीच्या माणसानेच करायचा. मग मधमाशीपालक पोळी कापून चौकटींना दोऱ्याने बांधतो आणि राणीसह पेटीत ठेवतो. बाकीच्या माश्या तिच्यामागे पेटीत शिरतात. अंधार पडल्यावर पेटी किमान दोन-तीन किलोमीटर लांब न्यायची, नाहीतर माश्या जुन्या जागी परततात. मेण खरवडा, साबणाच्या पाण्याने पुसा, हवेच्या भोकांना बारीक जाळी लावा. जाळीची भोकं ३ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत.

प्रश्न : दादरच्या चाळीत भिंतीच्या फटीतून चिकट नळी बाहेर आली आहे, त्यातून चिलटांएवढ्या काळ्या माश्या येतात.

पोयाची माशी. डंख नाही, त्रास नाही, राहू द्या.

प्रश्न : डंख बसला की चुना लावावा की लोखंड घासावं?

दोन्ही नको. काटा त्वचेत राहतो आणि त्याची पिशवी आत विष सोडत राहते. म्हणून नखाने किंवा कार्डाच्या कडेने, पण ताबडतोब, खरवडून काढा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. साबणाने धुवा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा. अंगभर गांध्या, ओठ किंवा जीभ सुजणं, घसा आवळणं, धाप, चक्कर, उलट्या यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही. तोंडात किंवा घशात डंख बसला, किंवा एकदम बरेच डंख बसले, तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जा. लहान मुलाला थोडे डंखही पुष्कळ होतात आणि मूत्रपिंडावरचा परिणाम उशिरा दिसू शकतो. आधी कधी अशी रिअ‍ॅक्शन आली असेल, तर पुढचा डंख बसायच्या आत अ‍ॅलर्जीतज्ज्ञाला भेटा.

प्रश्न : रात्री बाथरूमच्या ट्यूबलाइटभोवती पाच-सहा मोठ्या माश्या फिरतात.

जवळपास आग्याचं पोळं आहे. दिवा मालवा, दार लावून घ्या, खिडकी उघडी ठेवा. चपलेने मारू नका. सकाळी बहुतेक निघून गेलेल्या असतील. पाय ठेवण्याआधी फरशी मात्र झाडून घ्या, आणि पोळं कुठे आहे ते शोधून कमिटीला कळवा.