'मी दार उघडतो' म्हणताना हा 'मी' कोण?

प्रश्न असा आहे : नागपुरात पाच जणांचा गट मराठीतून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ खेळतो, म्हणजे प्रत्येक जण एक 'कॅरेक्टर' घेऊन ते काय करतं ते बोलून सांगतो आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. या वेळी प्रत्येकाने स्वतःलाच जादूच्या दुनियेत उतरवायचं ठरलंय, एक मैत्रीण मात्र स्वतःला पुरुष योद्धा करणार आहे. 'कॅरेक्टर'ला पात्र म्हणावं, व्यक्तिरेखा, भूमिका की सोंग? आणि खेळताना 'मी' म्हणावं की 'तो'?

कागदावर ज्याचे आकडे लिहायचे त्याला 'पात्र' म्हणा. अर्थ तर जुळतोच, पण खरं कारण लिंगाचं आहे. पात्र नपुंसकलिंगी, त्यामुळे 'माझं पात्र दार ढकलतं' हे वाक्य योद्ध्याला, चेटकिणीला, बुटक्याला, सगळ्यांना चालतं. 'व्यक्तिरेखा' स्त्रीलिंगी असल्याने दाढीवाला योद्धाही 'ढकलते' होऊन बसतो. 'भूमिका' म्हटलं की पक्षाची भूमिका, सरकारची भूमिका आठवते. 'सोंग' मात्र टाकून देऊ नका. आजारपणाचं सोंग या वापरामुळे त्याला खोटेपणाचा वास लागलाय खरा, पण सोंग घेणं, सोंग आणणं, सोंग वठवणं ही जिवंत क्रियापदं त्याच्यासोबत येतात आणि खडी गंमत, दंडार ही लोकनाट्यं पाहणाऱ्या विदर्भाला ती समजावून सांगावी लागत नाहीत. तेव्हा कागदावर पात्र आणि बोलण्यात सोंग, दोन्ही ठेवा.

खेळताना 'मी'च म्हणा. 'तो' म्हणत राहिलं की माणूस खेळत नाही, अहवाल देतो. पण मराठीत 'मी' म्हटलं की क्रियापद लगेच लिंग सांगतं, आणि तुमच्या मैत्रिणीची अडचण इथेच आहे. तिने 'मी तलवार उपसतो' म्हणावं. सोंग घेतलं की क्रियापदही सोंगाचं, हा साधा नियम पहिल्या बैठकीतच ठरवून टाका. जीभ वळत नसेल तर मराठीने पळवाटा ठेवल्या आहेत. सकर्मक भूतकाळात लिंग दिसत नाही : 'मी दार ढकललं.' भविष्यकाळातही नाही : 'मी दार ढकलीन.' 'मला दार ढकलायचंय' हेही चालतं. फसगत होते ती पळालो-पळाले, आलो-आले अशा अकर्मक रूपांत आणि जिंकणं, विसरणं, म्हणणं या हट्टी क्रियापदांत. ती सकर्मक असूनही 'मी जिंकलो', 'मी विसरले' अशीच चालतात.

भूतकाळ लिंग झाकतो, पण दुसरं भांडण लावतो. फासा टाकण्याआधीच 'मी कुलूप उघडलं' म्हटलं की काम झालं असं ठरतं, आणि मग सूत्रधाराने (डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, हा शब्द छान बसतो) फासा मागितला की वाद होतो. प्रयत्न सांगायला 'कुलूप उघडायला बघतो' म्हणा. 'पेटी उघडून बघतो' यात घोळ आहे. त्याचा अर्थ उघडेल का ते अजमावतो असाही होतो, आणि उघडून आत डोकावतो असाही. पेटीत सापळा असेल तर दोन्हींत फार फरक पडतो.

नागपुरी बोलीत आणखी एक जागा जपायची. 'मी लपून राहिलो' याचा आपल्याकडे अर्थ 'मी आत्ता लपतो आहे', जसं 'पाणी येऊन राहिलं'. पुण्याकडचा सूत्रधार मात्र 'लपलो आणि लपलेलाच राहिलो' असं समजेल, आणि लपण्याचा फासा मागायचाच विसरेल. बोली सोडू नका, ती टेबलावर फार गोड वाटते. फक्त चालू क्रियेला 'लपून राहिलो' आणि फासा पडून यश मिळाल्यावर 'लपलो', एवढं पाळा.

स्वतःलाच पात्र केलं की 'मला माहीत आहे' हे वाक्य धोक्याचं होतं. माहिती तुम्हाला आहे की जादूच्या दुनियेतल्या तुम्हाला? म्हणून पात्राला निदान टोपणनाव तरी वेगळं द्या आणि बाहेरचं बोलणं 'खेळाबाहेर' या शब्दाने सुरू करा. 'खेळाबाहेर, मला भूक लागली' म्हटलं की सूत्रधार शिधा वजा करणार नाही.

पात्राच्या कागदावर ज्यांचे आकडे लिहितात त्या सहा गुणांसाठी ताकद, चपळाई, दम, बुद्धी, भान आणि छाप हे शब्द सुचवतो. पाचव्याला शब्दशः 'शहाणपण' म्हणतात, पण खेळात त्याच्यावर पाळत ओळखणं, चाहूल लागणं, माणूस ताडणं ठरतं, आणि ते भानात येतं. सहाव्याला 'वजन' म्हणू नका, सामानाच्या वजनाशी गोंधळ होईल. हिट पॉइंट्सना, म्हणजे पात्र अजून किती मार सोसेल त्या आकड्याला, 'जीव' : 'आठ जीव उरलाय.' फाशाला सारीपाटातलं 'दान' आहेच, 'वीसचं दान पडलं' म्हणा.

या गुणांचे आकडे स्वतःचे स्वतः देऊ नका, प्रत्येक जण बुद्धीला १५ घेतो. १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले सहा आकडे तुमच्यासाठी बाकी चौघांनी वाटावेत. १० म्हणजे सर्वसाधारण माणूस, त्याच्या फाशात बेरीज-वजाबाकी शून्य. १२ ला एक मिळतो, ८ ला एक जातो. वजन उचलून ताकद मोजायला जाऊ नका. खेळाच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत उचलण्याची हद्द ताकदीच्या तीसपट पौंड आहे, म्हणजे १० ताकदीला ३०० पौंड, सुमारे १३६ किलो. त्या हिशोबाने सिमेंटचं ५० किलोचं एक पोतं जेमतेम उचलणाऱ्याची ताकद ४ सुद्धा भरत नाही. नियम खेळातल्या वीरांसाठी उदार ठेवलाय, खऱ्या शरीराला तो लागू पडत नाही.